एसएचा पासवर्ड हरवला असेल, तर त्याला लगेच हात लावू नका

तुमची अडचण थोडक्यात अशी: विंडोजच्या मशीनवर एसक्यूएल सर्व्हर २०१६ हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस आहे, तो बसवणारे गृहस्थ नोकरी सोडून गेले, ‘एसए’ या मुख्य लॉगिनचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही, ॲप्लिकेशन मात्र व्यवस्थित चालू आहे. जुना पासवर्ड शोधून देणारं एखादं टूल आहे का, की सगळं काढून पुन्हा इन्स्टॉल करू, असं तुम्ही विचारलंय.

दोन्हींचं उत्तर ‘नको’ असंच आहे. आणि ‘ॲप्लिकेशन मात्र व्यवस्थित चालू आहे’ हे जे तुम्ही जाता जाता लिहून गेलात, ते माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. त्याच्याकडे येतेच.

आधी टूलबद्दल. सर्व्हरकडे तुमचा पासवर्ड नसतोच, त्याचा हॅश असतो, म्हणजे त्यावरून गणिताने काढलेली एक लांबलचक संख्या. २०१२ पासूनच्या आवृत्त्या त्यासाठी सॉल्ट (पासवर्डला जोडलेली वाटेल ती अक्षरं) घालून एसएचए-५१२ ही हॅशची पद्धत वापरतात. हॅशवरून उलटं जाऊन मूळ शब्द काढता येत नाही. फार तर एकेक अंदाज घेऊन त्याचा हॅश जुळतो का, एवढंच बघता येतं. इंटरनेटवर जी ‘पासवर्ड रिकव्हरी’ची टूल्स दिसतात, त्यांची कीर्ती बरीचशी जुन्या काळातली. २००० च्या आवृत्तीत पासवर्डचा आणखी एक हॅश, सगळी अक्षरं कॅपिटल करून, शेजारीच ठेवलेला असायचा. त्यामुळे अंदाजांची संख्या भलतीच कमी व्हायची. ते दिवस गेले. आता तशी टूल्स एक तर गुपचूप पासवर्ड बदलून देतात (ते तुम्हीही पाच मिनिटांत करू शकता), किंवा मास्टर डेटाबेसच्या, म्हणजे सर्व्हर स्वतःची माहिती जिथे ठेवतो त्याच्या, फाइलमध्ये थेट खुडबूड करतात. दुसऱ्या जातीच्या टूलला मी चालू सर्व्हरच्या आसपासही फिरकू देत नाही.

पुन्हा इन्स्टॉल करण्याबद्दल. तुमचा कामाचा डेटा वेगळ्या फाइल्समध्ये असतो, तो कदाचित वाचेल. पण लॉगिन्स मास्टरमध्ये असतात, वेळापत्रकावर चालणारे जॉब्स एमएसडीबी या सर्व्हरच्याच दुसऱ्या डेटाबेसमध्ये असतात, दुसऱ्या सर्व्हरशी जोडलेले दुवेही मास्टरमध्येच. नवीन इन्स्टॉलेशनवर जुने डेटाबेस जोडले, की आतले युझर्स पोरके होतात: नाव तेच, पण त्यामागचा ओळख क्रमांक नव्या लॉगिनशी जुळत नाही. म्हणजे एक पासवर्ड सापडत नाही म्हणून तुम्ही पन्नास नव्या भानगडी विकत घेणार. आणि एवढं करून त्या ॲप्लिकेशनचं काय होणार, हा प्रश्न जागच्या जागीच.

मग मार्ग काय? एक गोष्ट नीट समजून घेतली की पुढचं सगळं सोपं होतं. डेटाबेसचा पासवर्ड हा नेटवर्कवरून येणाऱ्यासाठी असतो. ज्याच्या ताब्यात मशीन आहे, त्याच्यापासून तो डेटा लपवू शकत नाही आणि तसा त्याचा दावाही नाही. फाइल्स उचलून दुसऱ्या सर्व्हरला जोडल्या तर एसएचा पासवर्ड कुणी विचारत नाही; टीडीई वापरून फाइल्सच एन्क्रिप्ट केल्या असतील, तर मात्र त्याचं सर्टिफिकेट लागतं. म्हणूनच हे सर्व्हर बनवणाऱ्यांनी स्वतःच अधिकृत दार ठेवलंय: मशीनचा ॲडमिनिस्ट्रेटर असलेल्याला आत घेण्याचं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ते दार म्हणजे सिंगल-युझर मोड. या मोडमध्ये सर्व्हर सुरू असताना विंडोजच्या स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटर्स गटातला कुणीही आला, की त्याला सिसॲडमिनचे, म्हणजे सर्व्हरवरचे सगळे, अधिकार मिळतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच बोलून टाकू. त्या मशीनवर तुम्ही विंडोजचे ॲडमिनिस्ट्रेटर आहात का? नसाल तर खरा प्रश्न तो आहे, एसएचा नाही. ज्यांच्याकडे डोमेनचे अधिकार आहेत त्यांच्याकडे जा. सर्व्हर तुमच्या संस्थेचा आहे आणि हे करायला तुम्हाला सांगितलंय, याची एक ओळ का होईना, लेखी घेऊन ठेवा. सर्व्हिस दोनदा बंद-चालू होणार, तेव्हा पाच-दहा मिनिटांचा खंड केव्हा चालेल ते ठरवा. सर्व्हर क्लस्टरमध्ये, म्हणजे एक मशीन पडलं तर दुसरं काम उचलतं अशा जोडणीत, असेल तर सर्व्हिस परस्पर थांबवू नका. क्लस्टरला वाटेल सर्व्हर पडला आणि तो दुसऱ्या मशीनवर उठवायला धावेल. तिथे आधी क्लस्टरच्याच व्यवस्थापकातून एसक्यूएल सर्व्हरचा रिसोर्स ऑफलाइन करावा लागतो.

आता ते महत्त्वाचं वाक्य. ॲप्लिकेशन चालू आहे, म्हणजे ते कुठल्या तरी लॉगिनने रोज आत जातंय. छोट्या कार्यालयांत मी जेवढे सर्व्हर पाहिले, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी ते लॉगिन एसएच निघालं. असं असू नये हे सगळ्यांना माहीत असतं. पण बसवणाऱ्याला त्या दिवशी घरी जायची घाई असते. तसं इथेही असेल तर पासवर्ड हरवलेलाच नाही. तो ॲप्लिकेशनच्या कॉन्फिग फाइलमध्ये, कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (सर्व्हर, लॉगिन आणि पासवर्ड लिहिलेली ओळ), उघड्यावर पडलाय. तेव्हा सिंगल-युझर वगैरे करण्याआधी अर्धा तास शोधाशोध करा. वेब कॉन्फिग आणि ॲप सेटिंग्जच्या फाइल्स, रात्रीचा बॅकअप घेणाऱ्या बॅच फाइल्स, टास्क शेड्युलरमधल्या कामांच्या कमांड, जुन्या इन्स्टॉलेशनच्या फोल्डरमधली एखादी टेक्स्ट फाइल. आणि सोडून गेलेल्या गृहस्थांना एक फोन करा. हा उपाय लोकांना का सुचत नाही, कोण जाणे. मला एकदा तीन दिवसांच्या खटपटीआधी तो सुचला असता तर बरं झालं असतं.

सापडला नाही असं धरू. मी काय करते ते क्रमाने सांगते. कमांड उच्चाराप्रमाणे लिहितेय, टाइप करताना त्या अर्थातच रोमन लिपीत.

आधी एसक्यूएल सर्व्हर एजंट ही, वेळापत्रकावरचे जॉब्स चालवणारी, सर्व्हिस बंद करते आणि तिचं आपोआप सुरू होणंही तात्पुरतं थांबवते. सिंगल-युझर म्हणजे शब्दशः एकच कनेक्शन. एजंट जागा असेल तर तो तुमच्या आधी धावत जाऊन ती एकुलती एक खुर्ची पटकावतो. मग मुख्य सर्व्हिस थांबवते. मग कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडते. हे विसरलात तर तुम्ही ॲडमिनिस्ट्रेटर असूनही विंडोज तुम्हाला साध्या माणसासारखं वागवेल, आणि आत गेल्यावर ‘परवानगी नाही’ असं ऐकून तुम्ही चक्रावाल. त्या खिडकीत ‘नेट स्टार्ट’, त्यापुढे सर्व्हिसचं नाव आणि त्यापुढे तिरकी रेघ, छोटा एम आणि त्याला चिकटून मोठ्या अक्षरांत ‘एसक्यूएलसीएमडी’. चिकटून म्हणजे मध्ये जागा न सोडता. या शेपटीचा अर्थ असा, की ती एक जागा फक्त एसक्यूएलसीएमडी या प्रोग्रामसाठी राखून ठेव, दुसरा कुणी आला तर घेऊ नकोस.

ही शेपटी मी हौसेने लावत नाही. एकदा रात्री साडेअकराला एका सर्व्हरवर हेच करत होते, साधा एम देऊन. दर वेळी उत्तर यायचं १८४६१: सर्व्हर सिंगल-युझर मोडमध्ये आहे, एकच ॲडमिनिस्ट्रेटर आत येऊ शकतो. म्हणजे कुणीतरी आधीच आत. एजंट बंद, ॲप्लिकेशन बंद, माझ्याशिवाय इमारतीत कुणी नाही. पाऊण तासाने कळलं, की सर्व्हरवर लक्ष ठेवणारं एक मॉनिटरिंग सॉफ्टवेअर दर काही सेकंदांनी ‘जिवंत आहेस का’ विचारायला येत होतं आणि माझ्या आधी पोचत होतं. याच कारणाने मॅनेजमेंट स्टुडिओ हे एसक्यूएल सर्व्हरचं नेहमीचं खिडक्यांवालं टूलही या कामाला वापरू नका: ऑब्जेक्ट एक्सप्लोररचं एक कनेक्शन, क्वेरीच्या खिडकीचं दुसरं. स्वतःच स्वतःची वाट अडवाल.

आता एसक्यूएलसीएमडीने, मोठ्या ई चा पर्याय देऊन, म्हणजे विंडोजच्या ओळखीने आत जायचं. आत गेल्यावर जवळजवळ प्रत्येक लेखात पुढची पायरी दिलेली असते: ‘ऑल्टर लॉगिन एसए विथ पासवर्ड’ आणि नवा पासवर्ड. माझं म्हणणं आहे, इथे थांबा. तो आत्ता बदलू नका.

त्याऐवजी स्वतःसाठी दार करा. ‘क्रिएट लॉगिन’, चौकटी कंसात डोमेन किंवा मशीनचं नाव, उलटी तिरकी रेघ, तुमचं विंडोजचं नाव, आणि ‘फ्रॉम विंडोज’. मग ‘ऑल्टर सर्व्हर रोल सिसॲडमिन ॲड मेंबर’ आणि तेच नाव. (२०१२ च्या आधीच्या आवृत्तीत ही दुसरी कमांड चालत नाही, तिथे ‘एसपी ॲडसर्व्हररोलमेंबर’ हा जुना प्रोसीजर वापरावा लागतो.) दोन्हींनंतर वेगळ्या ओळीवर ‘गो’ लिहायला विसरू नका, एसक्यूएलसीएमडी ‘गो’ म्हटल्याशिवाय काहीच करत नाही, आणि काही झालं नाही हेही सांगत नाही. शक्य असेल तर एका माणसाऐवजी विंडोजचा एक गट करून त्याला हे अधिकार द्या, म्हणजे तुम्ही सोडून गेलात तर पुढच्या माणसावर हीच पाळी येणार नाही. मग बाहेर पडा, सर्व्हिस थांबवा, नेहमीसारखी सुरू करा, एजंट पूर्ववत करा. ‘नेट स्टार्ट’ने दिलेला एम त्या एका वेळेपुरताच असतो. कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून स्टार्टअप पॅरामीटर म्हणून घातला असता, तर तो काढायला विसरण्याची सोय झाली असती. म्हणूनच मी तिथून घालत नाही.

हे सगळं स्वतः टाइप करायचं नसेल तर पॉवरशेलसाठी डीबीएटूल्स नावाचा मोफत संच आहे, त्यात रीसेट-डीबीएॲडमिन ही कमांड याच पायऱ्या आपोआप करते. मी वापरते. पण ती पडद्यामागे काय करते हे एकदा हाताने करून बघितलेलं असावं, असं माझं जुनाट मत आहे.

इथवर काय झालं? तुम्हाला पूर्ण अधिकार मिळाले, तेवढा पाच-दहा मिनिटांचा खंड सोडला तर ॲप्लिकेशनला काही कळलंही नाही, आणि एसएचा जुना पासवर्ड कुणालाही ठाऊक नसताना तसाच्या तसा शाबूत आहे. घाई संपली. आता तो पासवर्ड आणखी कुणाकुणाकडे आहे ते शांतपणे शोधता येईल.

हे मी का सांगतेय, तर मी स्वतः तोंडावर आपटलेय म्हणून. बऱ्याच वर्षांपूर्वी असाच एक पासवर्ड मी दुपारी बदलला, सगळं चालतंय ते पाहिलं, सगळ्यांनी हुश्श केलं. महिनाअखेरीला हिशेबाचा एक प्रोग्राम चालायचा, महिन्यातून एकदाच. तो एसएने यायचा. त्याचा पासवर्ड कॉन्फिग फाइलमध्ये नव्हता, तर कंपाइल केलेल्या प्रोग्रामच्या पोटात होता, आणि तो लिहिणारा माणूस केव्हाच दुसरीकडे गेला होता. माझ्याकडे जुना पासवर्ड नाही, त्यांच्याकडे सोर्स कोड नाही. रात्री दोनला बॅकअपमधून जुना मास्टर दुसऱ्या मशीनवर उभा करत बसले होते.

तेव्हा आता निरीक्षण. ‘सिस डॉट डीएम एक्झेक सेशन्स’ या व्ह्यूमध्ये लॉगिनचं नाव, कुठल्या मशीनवरून आला, कुठला प्रोग्राम, हे सगळं दिसतं. एसएच्या नावाची सेशन्स त्यातून काढा. पण हे त्या क्षणाचं चित्र. रात्री येऊन जाणारा त्यात सापडत नाही. म्हणून एक्स्टेंडेड इव्हेंट्सचं (सर्व्हरमधल्या घटना टिपून ठेवायची त्याचीच सोय) छोटं सेशन लावा, यशस्वी लॉगिनची घटना नोंदवणारं, फक्त एसएसाठी गाळलेलं, फाइलमध्ये साठवणारं. त्याला रीस्टार्ट लागत नाही. ते किमान एक महिनाअखेर ओलांडेपर्यंत चालू ठेवा. तुमच्याकडे तिमाही कामं असतील तर तिमाही. कुणी सुचवेल की लॉगॉन ट्रिगर, म्हणजे प्रत्येक लॉगिनच्या वेळी आपोआप चालणारा कोड, लावा. तो लिहिताना एक चूक झाली तर सर्व्हर सगळ्यांनाच दाराबाहेर ठेवतो, तुमच्यासकट. नुकतेच आत आलायत, कशाला?

याला एक मोठा अपवाद आहे. सोडून गेलेला माणूस भांडून गेला असेल, किंवा सर्व्हरपर्यंत बाहेरून कुणी पोचलं असावं अशी शंका असेल, तर ही सबुरी नको. त्याच रात्री पासवर्ड बदला आणि जे बंद पडेल ते पडू द्या. मे २००२ मध्ये स्पायडा नावाचा वर्म इंटरनेटभर फिरला होता, तो एवढंच करायचा: १४३३ पोर्टवर जायचं, एसए आणि रिकामा पासवर्ड देऊन बघायचं. त्यावर तो कितीतरी मशीन्समध्ये शिरला. तो जुना पासवर्ड काय आहे हे तुम्हाला माहीत नाही, म्हणजे तो ‘१२३४५६’ नाही हेही तुम्हाला माहीत नाही. तसं तपासायची सोय मात्र आहे. ‘पीडब्ल्यूडीकम्पेअर’ या फंक्शनला एक अंदाज आणि साठवलेला हॅश दिला, की जुळतो का ते सांगतं. रिकामा, ‘एसए’, ‘ॲडमिन’, संस्थेचं नाव आणि साल, एवढे दहा-वीस अंदाज आजच तपासा. जुळला तर पासवर्ड सापडल्याचा आनंद मानू नका. बदलायची तारीख अलीकडे आणा.

आणि आता ती गोष्ट, जी मला त्या रात्री दोनला माहीत असायला हवी होती. पासवर्ड बदलण्याआधी त्याचा हॅश काढून ठेवा. ‘लॉगिनप्रॉपर्टी’ या फंक्शनला एसए आणि ‘पासवर्डहॅश’ दिलं, की शून्य-एक्सने सुरू होणारी लांबलचक संख्या मिळते. ती सुरक्षित जागी जपा. पुढे काही अडलंच, तर ‘ऑल्टर लॉगिन एसए विथ पासवर्ड’, त्यापुढे अवतरणचिन्हांशिवाय ती संख्या आणि शेवटी ‘हॅश्ड’ हा शब्द. झालं. जुना पासवर्ड, जो तुम्हाला कधीच ठाऊक नव्हता, जसाच्या तसा परत. मागे फिरायची वाट एका ओळीची झाली, की पासवर्ड बदलण्यातली सगळी भीती निघून जाते.

बदलायच्या दिवशी सर्व्हरच्या एरर लॉगवर नजर ठेवा. अयशस्वी लॉगिन तिथे आपोआप नोंदलं जातं, १८४५६ या क्रमांकाने, आणि सोबत समोरच्याचा आयपी पत्ता असतो. युझरच्या पडद्यावर स्टेट नेहमी १ दिसतं, त्याला अर्थ नाही. लॉगमधलं स्टेट खरं. ८ म्हणजे पासवर्ड चुकला, अर्थात जुन्या किल्लीने दार वाजवणारा कुणीतरी राहिलाय. ७ म्हणजे लॉगिनच बंद करून ठेवलंय आणि पासवर्डही चुकलाय. विसरलेला एखादा प्रोग्राम जुनाच पासवर्ड सेकंदा-सेकंदाला देत राहिला आणि विंडोजमध्ये खातं लॉक करायचं धोरण असेल, तर एसएच लॉक होऊ शकतं. तसं झालं तर घाबरू नका. तुमचं विंडोजचं दार वेगळं आहे, त्याला काही होत नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय, की दुसऱ्या मशीनवरच्या मायएसक्यूएलचंही असंच करता येतं का. विचार तोच, फक्त दारं निराळी. उबंटूसारख्या लिनक्सवर असेल तर आधी ‘सुडो मायएसक्यूएल’ एवढंच करून बघा. तिथे बहुधा रूटला पासवर्ड नसतोच, मशीनचा रूट म्हणजेच डेटाबेसचा रूट. तसं नसेल तर ‘इनिट-फाइल’चा रस्ता घ्या: ‘ऑल्टर युझर’ची एक ओळ फाइलमध्ये लिहायची, सर्व्हर सुरू होताना ती वाचायला सांगायची, आणि काम झालं की फाइल पुसायची, कारण पासवर्ड तिच्यात उघडा असतो. फाइल मायएसक्यूएलच्या युझरला वाचता येईल अशा जागी ठेवा. नाहीतर सर्व्हर सुरूच होत नाही आणि लोक भलतीकडेच दोष शोधतात.

जास्त प्रसिद्ध आहे तो ‘स्किप-ग्रँट-टेबल्स’चा रस्ता. त्यात परवानग्यांची तपासणीच बंद होते, म्हणजे कुणीही या, काहीही करा. ८.० मध्ये हा पर्याय दिला की नेटवर्क आपोआप बंद होतं, ५.७ मध्ये ते तुम्हालाच ‘स्किप-नेटवर्किंग’ देऊन बंद करावं लागतं, आणि नेमकं तेच राहतं. एका ठिकाणी मी बॅकअप तपासायला गेले होते, तर कॉन्फिग फाइलमध्ये ही ओळ कित्येक आठवडे तशीच. सगळे पासवर्ड चालत होते, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. अर्थात, चुकीचेही चालत होते. या रस्त्याने गेलात तर आत गेल्यावर आधी ‘फ्लश प्रिव्हिलेजेस’ करा, त्याशिवाय ‘ऑल्टर युझर’ नकार देतं. जुन्या लेखांत ‘अपडेट’ करून ‘पासवर्ड’ नावाच्या कॉलममध्ये लिहायला सांगतात. तो कॉलम ५.७ मध्येच गेला आणि ‘पासवर्ड’ हे फंक्शन ८.० मध्ये गेलं. शिवाय लोकलहोस्टवरचा रूट आणि टक्क्याच्या चिन्हाचा, म्हणजे कुठूनही येणारा रूट, ही दोन वेगळी खाती आहेत, दोघांचे पासवर्ड वेगळे असू शकतात. एक बदलून दुसऱ्याने येऊन बघणारे लोक मी पाहिलेत. त्यांत मीही होते.

मायएसक्यूएलने एक गोष्ट मात्र छान केलीय. ८.०.१४ पासून ‘ऑल्टर युझर’च्या शेवटी ‘रिटेन करंट पासवर्ड’ म्हटलं, की नवा पासवर्ड लागू होतो आणि जुनाही दुय्यम म्हणून चालत राहतो. सगळे नव्यावर आले की ‘डिस्कार्ड ओल्ड पासवर्ड’. मी एसक्यूएल सर्व्हरवर हॅश जपून जे साधते, ते इथे घरचंच आहे.

पोस्टग्रेस या आणखी एका डेटाबेसमध्ये सर्व्हर थांबवावाही लागत नाही. पीजी-एचबीए या फाइलमध्ये कुणाला कसं आत घ्यायचं ते ओळीओळीने लिहिलेलं असतं, आणि वरून पहिली जुळेल तीच ओळ लागू होते. म्हणून नवी ओळ खाली घालून उपयोग नाही, वर घाला. लिनक्सवर ‘पीअर’ ठेवा, म्हणजे मशीनवरचा पोस्टग्रेस हा युझर पासवर्डाशिवाय त्याच नावाच्या रोलमध्ये येतो. सगळे लेख ‘ट्रस्ट’ सांगतात, पण ट्रस्ट म्हणजे त्या मशीनवरचा वाटेल तो माणूस. विंडोजवर पीअर नाही, तिथे १२७.०.०.१ पुरता ट्रस्ट, काम होईपर्यंत. फाइल रीलोड करायची, आत जाऊन उलटी तिरकी रेघ आणि ‘पासवर्ड’ म्हणायचं, म्हणजे नवा पासवर्ड लॉगमध्ये उघडा उमटत नाही. मग ओळ पूर्ववत, पुन्हा रीलोड. जुना हॅश इथेही ‘पीजी-ऑथआयडी’मधून काढून ठेवता येतो आणि तसाच परत घालता येतो. ओरॅकलवाल्यांचं दार डीबीए गटातलं खातं: ‘तिरकी रेघ, ॲज सिसडीबीए’, आणि आत.

कंटेनरमध्ये चालवत असाल तर एक फसगत सांगते, कारण ती फारच नेमाने होते. मायएसक्यूएलच्या किंवा पोस्टग्रेसच्या इमेजला पासवर्ड एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून देतात. पासवर्ड विसरला की लोक ते व्हेरिएबल बदलून कंटेनर पुन्हा उभा करतात, आणि काहीही बदलत नाही. ते व्हेरिएबल फक्त डेटाचा फोल्डर रिकामा असताना, पहिल्याच वेळी वाचलं जातं. मग कुणीतरी ‘व्हॉल्यूम उडवून बघ’ असा सल्ला देतं. त्याने पासवर्ड नक्की बदलतो. डेटाही जातो. क्लाउडवरच्या मॅनेज्ड सेवेत मशीनच तुमच्या हाती नसतं. तिथे मास्टर पासवर्ड सेवेच्या कन्सोलमधूनच बदलायचा, वर सांगितलेलं काही करता येणार नाही आणि करायची गरजही नाही.

पुन्हा तुमच्या सर्व्हरकडे. महिना-दोन महिने गेले, एसएने येणारे सगळे सापडले, प्रत्येकाला त्याचं स्वतःचं, मोजक्या अधिकारांचं लॉगिन दिलं, असं धरा. मग एसएला लांबलचक पासवर्ड देऊन तो संस्थेच्या पासवर्ड व्हॉल्टमध्ये ठेवा आणि ‘ऑल्टर लॉगिन एसए डिसेबल’ करून टाका. याला लोक घाबरतात, कारण कितीतरी जॉब्सचा आणि डेटाबेसेसचा मालक एसए असतो. बंद केलेल्या एसएच्या मालकीचे जॉब्स चालतच राहतात, डेटाबेसची मालकीही तशीच राहते. डिसेबलने फक्त त्याचं दारातून येणं थांबतं. पहिल्या रात्री एरर लॉगमध्ये ७ स्टेटच्या ओळी दिसल्या तर पत्ता टिपून ठेवा, सकाळी त्या मशीनपाशी जा. तिथे कुणाच्या तरी एक्सेलच्या फाइलमध्ये एसएची कनेक्शन स्ट्रिंग सापडेल, आणि तिच्यात तुम्ही इतके दिवस शोधत होतात तो जुना पासवर्ड.